रोबोट मुलगी मोठी झाली, तर बिघडलं कुठे?

"ही बालकलाकार आता कशी दिसते बघा, ओळखूच येणार नाही" छाप बातमी आठवड्यातून एकदा तरी फीडमध्ये टपकतेच. या वेळी परत झनक शुक्ला. तेच दोन फोटो शेजारी शेजारी, डावीकडे 'करिश्मा का करिश्मा' मधली रोबोट पोरगी, उजवीकडे आत्ताची तरुणी, आणि खाली कमेंटमध्ये आपली जनता सुरू. अरेरे काय होती आणि काय झाली, करिअर वाया घालवलं, आईवडिलांनी लक्ष दिलं नाही वगैरे. जसं काही हिने यांच्याच घरचं दूध उतू घालवलंय.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, 2003 ला स्टार प्लसवर ही सिरियल लागायची. शास्त्रज्ञ बाप एक रोबोट बनवतो आणि तिला मुलगी म्हणून घरात ठेवतो, शेजाऱ्यांपासून लपवालपवी, एवढीच गोष्ट. झनक तेव्हा सात वर्षांची. त्याच वर्षी 'कल हो ना हो' आला, त्यात प्रीती झिंटाची छोटी बहीण जिया, तीही हीच. त्याआधी 'सोनपरी' झालेलं. आई सुप्रिया शुक्ला स्वतः टीव्हीवरची अभिनेत्री, म्हणजे शूटिंग, कॉल टाइम, हे सगळं घरात रोजचंच. आणि मग पंधराएक वर्षांची असताना थांबली. काही लफडं नाही, कुणाशी भांडण नाही. मुलाखतींमध्ये तिने सांगितलंय की लहानपण कामातच जात होतं आणि आईवडीलच म्हणाले की आता ब्रेक घे, अभ्यास कर. बास.

पुढे इतिहास घेऊन बीए आणि मग आर्किऑलॉजीत एमए, आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून. (बाहेरगावच्यांनी डेक्कन जिमखान्यावर शोधत बसू नये, ते येरवड्याच्या बाजूला आहे.) आता डेक्कन कॉलेज म्हणजे काय चीज आहे ते माहीत नसलेला माणूसच 'करिअर वाया' असं लिहू शकतो. पुरातत्त्वज्ञ सांकलियांची संस्था आहे ती. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगावला त्यांच्या लोकांनी 1968 ते 1983 उत्खनन केलं, तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी घरं कशी बांधायचे, खायचे काय, पोरं गेली तर दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात घालून घराच्याच जमिनीखाली कशी पुरायचे, हे सगळं त्या मातीतून वर आलं. उन्हात बसून ब्रशने माती झटकायची, खापराच्या एकेका तुकड्यावर नंबर टाकायचा, असलं हे शास्त्र. इथे कॅमेरा कुणावर असतो तर खापरावर, शेजारी स्केल ठेवून. सातव्या वर्षी घराघरात ओळखली जाणारी मुलगी स्वतःहून असला विषय निवडते याचं मला तर भयंकर कौतुक वाटतं.

बरं पुढचं तिने जे सांगितलं ते तर अजूनच आवडलं. म्हणाली की मला वाटायचं चोविसाव्या वर्षापर्यंत भरपूर कमवत असेन, सेटल झालेली असेन, आणि आता पंचवीस झाले तरी काही कमवत नाहीये. घरी साबण बनवते असंही सांगितलं. अहो हे तर आपल्याकडच्या प्रत्येक एमए झालेल्या पोरापोरींचं रडगाणं आहे! माझ्या आसपास इतिहास, मराठी, समाजशास्त्र घेऊन पदव्या मिळवलेली किमान डझनभर मंडळी अशीच बसलीत, त्यांना कुणी 'फ्लॉप' म्हणत नाही, फार तर काका लोक लग्नात विचारतात काय चाललंय सध्या. हिने तेच प्रामाणिकपणे सांगितलं तर त्याची हेडलाइन झाली.

गंमत म्हणजे ही सिरियल ज्या अमेरिकन सिरियलवरून घेतली त्या 'स्मॉल वंडर' मधल्या विकीचं पण असंच झालं. नव्वदच्या दशकात केबल असलेल्यांनी ती हिंदी डबिंगमध्ये पाहिलीच असणार, लाल-पांढरा फ्रॉक, तो सपाट आवाज, आणि रात्री भावाच्या खोलीतल्या कपाटात उभी करून ठेवायचे तिला. टिफनी ब्रिसेट तिचं नाव. 1985 ते 89 चार सीझन चालली. आता बघा, रोबोट काही वाढत नाही, पण पोरगी वाढणारच ना, उंची वाढली, चेहरा बदलला. दोन सीझन त्याच फ्रॉकात रेटलं, शेवटी गोष्टीतच बापाला तिला अपग्रेड करायला लावलं, नवे कपडे वगैरे, म्हणजे प्रेक्षकांना समजावून सांगावं लागलं की बाबांनो ही मोठी का दिसतेय! मला हे तेव्हा विनोदी वाटायचं, आता जरा अंगावर येतं. कारण त्या फोटोंखालच्या कमेंट करणाऱ्यांचं तेच म्हणणं आहे की तू वाढलीसच कशाला. टिफनीने पुढे अभिनय सोडला, कॉलेज केलं, कोलोरॅडोत नर्स झाली. सिरियलमध्ये तिचा भाऊ झालेला मुलगा मात्र बेघर झाल्याच्या बातम्या 2012 ला आल्या होत्या.

आणि ज्याला वाढताच आलं नाही त्याचं काय झालं तेही सांगतो. गॅरी कोलमन, 'डिफरंट स्ट्रोक्स' मधला गुबगुबीत गालांचा पोरगा, 1978 ते 86. किडनीचा जन्मजात आजार आणि त्याच्या औषधांमुळे उंची 4 फूट 8 इंचावर थांबली, दोनदा किडनी बदलली. टीव्हीवाल्यांच्या दृष्टीने सोन्याची खाण, पोरगा अठराचा झाला तरी छोटाच दिसतोय. 1 कोटी 80 लाख डॉलरच्या आसपास कमाई झाली म्हणतात, आणि 1989 ला त्यानेच आईवडिलांवर आणि आर्थिक सल्लागारावर केस टाकली, 1993 ला हातात निकाल आला तो जेमतेम 13 लाख डॉलरचा. नव्वदच्या शेवटी हा सिक्युरिटी गार्डची नोकरी करत होता, तिथेही एका बाईला सही हवी होती, त्यावरून बाचाबाची, प्रकरण कोर्टात. 2010 ला गेला, 42 वर्षांचा. आयुष्यभर लोक त्याला तो लहानपणचा एकच डायलॉग म्हणून दाखव म्हणायचे. कामाला जाताना, रस्त्यात, कुठेही.

आपण काही वेगळे नाही हां. 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' मधले मुग्धा वैशंपायन आणि प्रथमेश लघाटे, त्यांचं लग्न झालं 2023 ला, तेव्हा निम्म्या कमेंट "आपली लिटिल मॉनिटर एवढी मोठी झाली?" अशा. प्रेमाने लिहिलेलं असतं, कळतं मला, आणि ती दोघं गाण्यात टिकून आहेत, छान गातात, म्हणून ते गोड वाटतं. गाणं सोडून एखादीने बँकेत नोकरी धरली असती तर हेच लोक हळहळले असते.

आता जरा कामाचं. चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांसाठी आपल्याकडे 2017 पासून स्पष्ट नियम आहेत. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 3 तासांनंतर विश्रांती पाहिजेच, सलग 27 दिवसांच्या वर शूटिंग नाही, शाळेत खंड पडता कामा नये, मुलाच्या मनाविरुद्ध काही करून घ्यायचं नाही, आणि कमाईतले किमान 20 टक्के मुलाच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी, सज्ञान झाल्यावर त्याच्या हातात. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने काढायची असते. वाचायला झकास आहे. पण डेली सोप म्हणजे रोजचा एपिसोड, आधीच शूट करून ठेवलेले एपिसोड हाताशी नसले की रात्र रात्र शूटिंग, तिथे आठ वर्षांच्या पोराचे पाच तास घड्याळ लावून कोण मोजतं? आणि उरलेल्या 80 टक्क्यांबद्दल नियम गप्पच आहे, ते आईबापाच्या नीयतीवर. गॅरीच्या कॅलिफोर्नियात तर असा कायदा 1939 पासून होता, तरी त्याचं जे व्हायचं ते झालंच.

म्हणून मला झनकच्या आईवडिलांचं जास्त कौतुक आहे. मुलगी चालतेय, ओळख आहे, आई त्याच लाइनमध्ये, फोन फिरवला की काम, आणि तरी म्हणाले थांब. आमच्या ओळखीत एक जण पोराच्या ऑडिशनसाठी नोकरी सोडून अंधेरीत भाड्याने राहतोय. त्याला मी समजावू शकलो नाही, समजावणार पण नाही. फक्त एवढं सांगितलं की पहिला चेक यायच्या आधी प्रॉडक्शनवाल्यांकडे कलेक्टरच्या परवानगीची कॉपी आणि पोराच्या एफडीची पावती माग. तो म्हणाला असं विचारलं तर रोलच जाईल. जाऊ दे म्हटलं.