‘जागरूक मुंबईकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : तपासणी झाल्यावर काय?

नमस्कार. दिल्ली विमानतळावरच्या नारळाच्या प्रकरणावर (विमानात शेजारचा प्रवासी फोनवर ‘बॉम्ब’ म्हणाला, ते ऐकून एका बाईंनी क्रूला कळवलं आणि त्याला अटक झाली) मी लिहिलं आणि तुम्ही चांगलेच तापलात. ‘११ जुलै २००६ च्या लोकलमध्ये तुमचं कोणी असतं, तर ही पोपटपंची सुचली नसती. त्या बाईंनी कर्तव्य केलं. निर्दोष माणसाला दोन तास बसावं लागलं, तर बिघडलं कुठे? आणि यात धर्म कशाला आणता?’ हे तुमचं म्हणणं.

आधी त्या बाईंबद्दल. त्यांना मी नावं ठेवलेलीच नाहीत. विमान सुटायच्या बेतात, शेजारचा फोनवर ‘बॉम्ब’ म्हणतोय, मागचापुढचा संदर्भ कानावर नाही. मीही केबिन क्रूला हाक मारली असती. पण तो बोलत काय होता? जून २०२३ मध्ये पोलिसांकडूनच जे बाहेर आलं त्यानुसार तो आईला सांगत होता की, पानमसाला नेऊ दिला, पण बॅगेतल्या नारळात बॉम्ब असेल म्हणून विमानतळावर सुरक्षा तपासणी करणाऱ्या सीआयएसएफवाल्यांनी हरकत घेतली. म्हणजे चेकिंगवरून घरी फोन करून आपण सगळेच करतो ती कुरकुर. (सुकं खोबरं तेलकट असल्याने आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. हे बहुतेकांना सामान उघडायला लावल्यावरच कळतं. शबरीमलाच्या भाविकांना इरुमुडीतला (पूजासाहित्याच्या गाठोड्यातला) नारळ केबिनमध्ये न्यायची सवलत २०२४ मध्ये मिळाली, तीही ठरावीक मुदतीपुरती.) विमान खोळंबलं, झडती झाली, काही सापडलं नाही. इथवर माझी काडीची तक्रार नाही. पण काहीच सापडलं नाही, तरी गुन्हा नोंदवून अटक? स्टेशनवरच्या बेवारस बॅगेत डबा आणि छत्री निघाली, तर आपण बॅगेवर खटला भरत नाही.

२००६ चा विषय तुम्हीच काढलात, बरं झालं. लोकलमधल्या स्फोटांनंतर सहा आठवड्यांनी, २३ ऑगस्टला, ॲम्स्टरडॅमहून मुंबईला निघालेलं नॉर्थवेस्टचं विमान वाटेतून परत फिरलं, सोबतीला डच हवाई दलाची एफ-१६ लढाऊ विमानं. का, तर काही प्रवासी मोबाइल हाताळत होते, जागा बदलत होते, आपापसांत बोलत होते. आपल्या ग्रुपबरोबर परदेशवारी केलेल्या कोणालाही विचारा, यातलं काय करायचं राहतं! बारा जणांना ताब्यात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कोणताही आरोप न ठेवता सोडलं. लंडनला द्रवस्फोटकांनी विमानं उडवायचा कट उघड होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, त्यामुळे क्रूची धास्ती मी समजू शकतो. पण ते बाराही भारतीय होते, मुंबईला घरी परतत होते आणि मुसलमान होते. धर्म मी आणलेला नाही, तो तिथे आधीच बसला होता.

‘दोन तास बसावं लागलं’ यावर अमेरिकेतलं एक उदाहरण. १ जानेवारी २००९, वॉशिंग्टनहून ऑरलँडोला जाणारं एअरट्रॅनचं विमान. एका मुस्लिम कुटुंबात विमानात सर्वांत सुरक्षित जागा कुठली, यावर गप्पा चालल्या होत्या. कोणीतरी ऐकलं आणि नऊ जणांना उतरवलं. एफबीआयने चौकशी करून त्यांना क्लीन चिट दिली, तरी कंपनी त्यांना पुढच्या विमानात घ्यायला तयार होईना. माफी मागितली, पण बातमी सगळीकडे झाल्यावर. एफबीआयच्या शब्दानेही शंका फिटत नसेल, तर ती कशाने फिटायची?

आता कायदा. ऑक्टोबर २०२४ मध्ये शेकडो विमानांना बॉम्बच्या खोट्या धमक्या देणारे वेगळे. त्यांना खुशाल आत टाका, मी टाळ्या वाजवीन. नागरी विमान वाहतूक सुरक्षेच्या १९८२ च्या कायद्यातही खोटी माहिती देण्याचा गुन्हा आहे, पण ती खोटी आहे हे देणाऱ्याला माहीत असावं लागतं. आईला सांगितलेली नारळाची तक्रार यात कुठे बसते ते दाखवा, मी लेख आजच खाली घेतो.