चित्रकलेच्या तासाचा विषय नेमका कोणाचा?

सांगलीतल्या एका शाळेत दुसरीत शिकणाऱ्या माझ्या मुलीच्या चित्रकलेच्या वहीत गेल्या आठवड्यात लाल शाईने शेरा आला: ‘विषयाशी संबंध नाही. पुन्हा काढणे.’ तो वाचल्यापासून माझा संताप शमलेला नाही.

फळ्यावर विषय होता ‘निसर्गदृश्य’. त्याचा अर्थ मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही ठाऊक आहे: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नागमोडी नदी, काठावर झोपडी, नारळाचे झाड आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. मी हेच काढले, माझ्या आईने हेच काढले आणि आता माझ्या मुलीनेही हेच काढायचे. या वर्गातल्या मुलांनी पाहिलेली कृष्णा कोणत्या दोन त्रिकोणांमधून उतरते? ती काळ्या रानातून, उसाच्या फडांशेजारून संथपणे येते, तिच्यात मगरी आहेत, तिच्यावर १९२९ सालचा आयर्विन पूल आहे आणि पावसाळ्यात पाणी किती फुटांवर गेले हे सांगलीचे लहान मूलसुद्धा विचारते. यातले काहीही वर्गातल्या एकाही वहीत नव्हते, कारण मुलांना नदी आठवायची नव्हती, फळ्यावरची नदी उतरवून घ्यायची होती.

माझ्या मुलीने काढली होती म्हैस. आदल्या रविवारी कसबे डिग्रजला मामाच्या गोठ्यात म्हैस व्याली आणि ते सगळे तिने दारात उभे राहून पाहिले. चित्रात म्हशीचे पोट आरपार दिसत होते व आत रेडकू चार पायांवर उभे होते. मामा गोठ्याच्या छपराएवढा उंच होता आणि त्याचा बॅटरी धरलेला हात त्याच्या अंगापेक्षा मोठा होता. लहान मुलांची चित्रे ज्यांनी थोडीफार अभ्यासली आहेत, त्यांना यात चूक दिसणार नाही. या वयात मूल डोळ्यांना दिसते तेवढेच काढत नाही, त्याला जे माहीत आहे ते काढते, म्हणून पोटातले रेडकू दिसते; आणि जे महत्त्वाचे वाटते ते मोठे काढते, म्हणून त्या अंधारात उजेड धरणारा हात एवढा मोठा झाला. त्या पानावर तिने त्या रात्रीचा सगळा अर्थ लावला होता. त्यावर आडवी लाल रेघ मारली गेली.

मी शाळेत जाऊन विचारले, तेव्हा बाईंनी उत्तर दिले, “साठ मुलांनी साठ विषय घेतले, तर मी तपासायचे कसे?” त्यांची अडचण मी नाकारत नाही. पस्तीस मिनिटांचा तास, साठ मुले आणि चित्रकलेचे स्वतंत्र शिक्षक नाहीत, ही परिस्थिती त्यांनी निर्माण केलेली नाही. परंतु चित्र हे बेरजेचे गणित आहे का, की उत्तर सर्वांचे एकच यावे? “हे काय काढलेस, मला सांग,” एवढे वाक्य चार मुलांना आज आणि चार मुलांना पुढच्या तासाला विचारले, तरी ती तपासणी पुरेशी आहे.

दुसरे उत्तर अधिक संतापजनक होते: विषय दिला नाही तर मुले गोंधळतात. गोंधळणारच, कारण बालवाडीपासून त्यांच्या हाती छापील आंबा आणि छापील मोर देऊन रेघेच्या आत रंग भरायला आपणच शिकवले आहे. तासाच्या सुरुवातीला दहा मिनिटे नुसत्या गप्पा माराव्यात, काल कोणी काय पाहिले, कोणाला कशाची भीती वाटली, कोणाच्या घरी पाहुणे आले, हे विचारावे. विषय मुलांच्या तोंडूनच बाहेर पडतात. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग सुरू केला आणि नकला उतरवण्याऐवजी मुलांना मनातले काढू दिले. त्या गोष्टीला सव्वाशे वर्षे उलटून गेली आणि आम्ही अजून झोपडीला दार डावीकडे की उजवीकडे, यावर गुण कापतो आहोत.

पुढे याच मुलांना एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसवले जाते, आणि स्मरणचित्र या विषयासाठी मंडई, बसथांबा व पाणवठा अशी तीन दृश्ये पाठ करून घेतली जाताना मी स्वतः पाहिले आहे. ज्या चित्राच्या नावातच स्मरण आहे, तेथेही मुलाची स्वतःची आठवण चालत नाही!

काल सुट्टी होती म्हणून मी मुलीपुढे कोरा कागद आणि रंगीत खडू ठेवले. ती बराच वेळ कागदाकडे पाहत बसली आणि मग म्हणाली, “आई, विषय काय आहे?” शनिवारी पालकसभा आहे. ती वही घेऊन मी तेथे जाणार आहे, आणि म्हशीचे ते पान पुन्हा काढून मिळणार नाही, हे सर्वांसमोर सांगणार आहे.