पदक एकाचं, रणगाडा चौघांचा

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि राग मनापासूनचा आहे, म्हणून उत्तरही जरा लांबणार. तुमचा आक्षेप असा की, सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्यावरच्या लेखात मी त्यांच्या रणगाड्यातल्या तीन सवारांना, म्हणजे रणगाडा दलातल्या जवानांना, इतकी जागा दिली की परमवीराचं शौर्य चौघांत वाटलं गेलं. 'परमवीर चक्र एकालाच मिळालं, ते उगाच नाही,' असं तुम्ही म्हणता.

उगाच नाहीच. १६ डिसेंबर १९७१ ला शकरगड भागात, जरपालपाशी, पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटच्या बी स्क्वाड्रनवर, म्हणजे तिच्या एका तुकडीवर, पाकिस्तानी रणगाड्यांचा मोठा प्रतिहल्ला आला आणि वायरलेसवर कुमक मागितली गेली. खेत्रपाल ए स्क्वाड्रनमधले. तरी आपले रणगाडे घेऊन आपणहून निघाले. बसंतर नदी ओलांडताना शत्रूच्या मोर्चांवरून मारा सुरू होता, तर त्यांनी थेट मोर्चांवरच रणगाडे घातले. वय २१, कमिशन मिळून जेमतेम सहा महिने झालेले. पुढच्या झुंजीत त्यांच्या रणगाड्याला गोळा लागून आग लागली, बाहेर पडायचा हुकूम आला, तरी ते हटले नाहीत. आपण हटलो तर इथून शत्रू आत घुसेल, हे त्यांना दिसत होतं. हा निर्णय त्यांचा एकट्याचा. त्यात मी कोणालाही वाटेकरी केलेलं नाही.

पण थांबायचं ठरलं की पुढचं काम चौघांचं असतं. त्यांचा सेंच्युरियन रणगाडा म्हणजे सुमारे ५० टनांचं धूड, आणि आत माणसाला हलायला जागा नाही. टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, तिघं असतात. तोफेच्या उजवीकडे गनर, अगदी त्याच्या पाठीशी कमांडर, डावीकडे लोडर. ड्रायव्हर खाली पुढच्या बाजूला एकटा. कमांडर शत्रू हेरतो आणि हुकूम देतो. लोडर गोळा तोफेत सारतो, वायरलेसही तोच सांभाळतो. नेम धरून तोफ डागतो तो गनर. एकाचा हात थांबला की तोफ थांबली. 'खेत्रपाल यांनी चार रणगाडे उडवले' हे वाक्य खरं आहे, फक्त त्यातला प्रत्येक गोळा सवार नंदसिंग यांनी भरलेला आणि सवार नथूसिंग यांनी डागलेला होता. प्रयागसिंग रणगाडा चालवत होते. त्या दिवशी खेत्रपाल यांच्यासोबत नंदसिंगही धारातीर्थी पडले. हे लिहिल्याने खेत्रपाल लहान कसे होतात, हे मला खरंच कळलेलं नाही.

तुम्ही सायटेशनचा, म्हणजे पदकासोबतच्या अधिकृत गौरवपत्राचा, दाखला दिलात, तेव्हा तेच पुन्हा एकदा नीट वाचा. मोर्चांवरच्या चढाईत त्यांच्या तुकडीतल्या दुसऱ्या एका रणगाड्याचा कमांडर मारला गेला, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. नाव मात्र नाही. सायटेशन एका माणसाच्या पराक्रमासाठी असतं, त्यामुळे यात सैन्याचा दोष नाही. पण आपण आठवण काढायला बसतो तेव्हा आपल्यावर ती मर्यादा कुठे असते? खेत्रपाल यांच्या नावाने खडकवासल्याच्या एनडीएत मैदान आहे, अंदमानात बेट आहे, आणि ते असायलाच हवं. नंदसिंग यांच्यासाठी कोणी दोन ओळी लिहिल्या तर त्या जास्त वाटाव्यात, याचं मला वाईट वाटलं.

'सामान्य जवानांचं कौतुक करून अधिकाऱ्यांना कमी लेखायची फॅशन' हा तुमचा शब्दप्रयोग तर मुळीच पटला नाही. जळत्या रणगाड्यात अधिकारी आणि जवान एकमेकांपासून हातभर अंतरावर होते.

तेव्हा सवारांचा परिच्छेद आहे तिथेच राहील. पूना हॉर्सच्या दुसऱ्या परमवीरावर, १९६५ मध्ये चविंडाच्या लढाईत कामी आलेल्या लेफ्टनंट कर्नल तारापोर यांच्यावर लिहा, असं तुम्ही शेवटी सुचवलं आहे. जरूर लिहीन. पण तेही त्यांच्यासोबत लढलेल्या माणसांसकट.