नशीब काढलंस, आता पार्टी दे

भाऊ, पहिल्यांदा तोंड हसरं ठेव. ठेवीदारांच्या यादीवर बोट फिरवता फिरवता पतसंस्थेतल्या मोठ्या मॅडमचा दुसरा हात तुझ्या खांद्यावर आला आणि यादी संपली तरी तिथंच राहिला, तर तुझ्या अंगावर जो काटा येतो, त्याला परभणीत नशीब म्हणतात. पोटात गोळा आला असेल तर सकाळची मिरचीभजी आठव.

मग बसस्टँडसमोरच्या टपरीवर जा आणि मित्रांना रात्री अकराचा मेसेज दाखव : 'जेवलास का? मला तर करमंना झालंय.' मोबाइल पाच हातांतून फिरेल. पाचवा जण मॅडमचा फोटो मोठा करून बघेल आणि विचारेल, "दिसायला बरी हाय की बे, मग रडायलास कशाला?" बरी नसती तर तेवढ्यावरच तासभर हसले असते. "आम्हाला का येईनात बे असले मेसेज?" चहाचे पैसे तूच द्यायचेस, हे वेगळं सांगायला नको. घरी मात्र बोलू नकोस. बायको म्हणणार, तुम्हीच काहीतरी बोलला असाल.

कायद्याकडं जायचंय? जा की. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा आहे, पण त्यात तक्रार करणारी बाईच लागते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ७५ मध्ये पुरुषाला जागा आहे, पण आरोपीची. (कायदा असा का झाला, ते तुझ्या बहिणीला विचार, एसटीच्या गर्दीत ती हातात सेफ्टी पिन धरून का उभी राहते, तेही विचार.) कॉलेजात असतास तर जरा सोय होती. यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत काही पुरुष विद्यार्थीही बळी पडू शकतात, एवढं तरी लिहिलंय. बघ, एम.ए.ला प्रवेश मिळतो का. वयाची अट नाही.

तसा तू आपल्या परीनं इलाज केलाच आहेस म्हणा. भर मे महिन्यात, परभणीच्या उन्हाळ्यात, पंख्याखालची खुर्ची सोडून भिंतीला पाठ लावून बसायलास, मागं कुणाला उभं राहता येऊ नये म्हणून. घामानं शर्ट चिकटतो, पण पाठ शाबूत.

एवढं करू नकोस रे, लोक ओळखतात. ती जागा तुझ्याआधी कॅशच्या बाईंची होती. जुन्या साहेबांच्या वेळी त्याही अशाच एक दिवस टेबल ओढत भिंतीकडं गेल्या. 'साहेबांनी जरा मस्करी केली तर एवढं काय मनावर घ्यायचं?' असं टपरीवर तूच म्हणाला होतास, आणि त्या दिवशी चहाचे पैसे आम्ही दिले होते. संध्याकाळी बाई निघाल्या की पदराला मागून चुना लागलेला असायचा. आपण हसायचो.

तुझ्या शर्टाला लागलाय बघ. झटक.