शेवटचा बाक नसलेला वर्ग

जळगावच्या महाविद्यालयात आमच्या वर्गात शंभरावर मुले होती आणि शेवटच्या बाकावर बसणाऱ्याला वर्षभर तोंड उघडावे लागत नसे. या परंपरेत तयार झालेला मी एका सत्रासाठी रशियन शिकायला व्होल्गाकाठच्या त्वेर शहरात पोहोचलो, तेव्हा आमच्या तुकडीत अवघे पाच विद्यार्थी असून ते गोल टेबलाभोवती बसतात, हे पाहून माझ्या पोटात गोळा आला. गोल टेबलाला शेवटचा बाक नसतो. १५व्या शतकात याच गावचा व्यापारी अफनासी निकितिन घोडा घेऊन आपल्या कोकणातल्या चौलला उतरला होता. त्याला तिथे कोणी विभक्ती विचारल्या नसाव्यात.

शाळेत मराठीच्या आठ विभक्ती घोकलेल्या माणसाला रशियनच्या सहांचे काय भय, अशा गुर्मीत मी होतो. लिंगे मराठीसारखीच तीन, आणि स्वतःच्या नावापुढे बापाचे नाव लावण्याची रीतही आपलीच. ओळखीच्या धड्यात बाईंनी मला ‘पांडुरंगोविच’ केले, तेव्हा तर मी घरी आल्यासारखा सुखावलो. हे सुख ‘होतो’ या अर्थाच्या रशियन क्रियापदापर्यंत टिकले. त्यातला स्वर जीभ मागे ओढून ‘इ’ आणि ‘उ’ यांच्या मधून कुठून तरी काढायचा असतो. सरळ ‘बिल’ म्हटले, तर अर्थ ‘मारले’ असा होतो. काल कुठे होतास, या प्रश्नाला मी आठवडाभर इमानेइतबारे ‘काल वाचनालयात मारले’, ‘परवा नदीकाठी मारले’ अशी उत्तरे देत राहिलो आणि बाई दर वेळी माझ्या दातांत आडवी पेन्सिल देत राहिल्या. उरलेले चौघे माझ्या पाळीची वाट पाहू लागले होते.

खरी नामुष्की मात्र केळ्यांनी केली. आमचे गाव रावेर तालुक्यातले. घरी केळी घडांनी मोजतात. रशियनमध्ये एक केळे ‘बनान’, दोन ते चार असली की ‘बनाना’, पाचापासून ‘बनानोव’, आणि एकवीस झाली की पुन्हा ‘बनान’! दुकानात मागे रांग खोळंबलेली असताना हा हिशेब मला जमेना. डझनभर मागायला जावे, तर प्रत्यय आठवेपर्यंत दुकानदारीण पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळलेली असे. शेवटी मी व्याकरणदृष्ट्या सर्वांत सुरक्षित वाट धरली आणि रोज एकच केळे घेऊ लागलो.

एका रविवारी आबांचा फोन आला.

“तिकडे केळी मिळतात का रे?”

“मिळतात ना.”

“किती घेतोस?”

“एक.”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग आबांनी फोन आईकडे दिला, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यात न मागता वीस हजार रुपये जमा झाले.