झोन राहू द्या, बोअर दाखवा

मार्च 2024 मध्ये हिंगोली 4.5 रिश्टरच्या धक्क्याने हादरली, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता: आपण भूकंपाच्या धोक्याच्या कुठल्या झोनमध्ये? मुंबई-पुणे तीन, कोयना चार. मग ठीक आहे, झोपा.

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या विद्यापीठात भूकंपात वाळू कशी वागते ते तपासणं हे माझं काम, त्यामुळे मला काही झोप येत नाही. 1993 ला किल्लारी उद्ध्वस्त झालं तेव्हाच्या नकाशात ते सर्वांत कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होतं. 2002 ला तो झोनच रद्द झाला. इथे 2010 ला 7.1 चा भूकंप ज्या भ्रंशावर, म्हणजे खडकातल्या ज्या भेगेवर झाला, तोही आधी कुणाला ठाऊक नव्हता.

मग आला 22 फेब्रुवारी 2011. आकडा लहान, 6.2, पण शहराच्या अगदी जवळ. 185 माणसं गेली. पूर्वेकडच्या वस्त्यांखाली पाण्याने भरलेली सैल वाळू. हादऱ्यांनी तिच्यातल्या पाण्याचा दाब वाढला, कणांची एकमेकांवरची पकड सुटली, करडा गाळ अंगणात उसळला आणि घरं कलली. सुमारे 8,000 घरांची जमीन पुन्हा वस्तीला नको, असं सरकारने ठरवलं.

त्यानंतर जे केलं त्याचा मला हेवा वाटतो. शहरभर शंकूच्या टोकाची सळई सेकंदाला 2 सेंटिमीटर वेगाने जमिनीत दाबत तपासण्या झाल्या, आणि सरकारी असो वा खासगी सल्लागाराची, ही माहिती एका सामायिक भांडारात जमा होऊ लागली. आज ते देशभराचं आहे. एक गल्ली खचली आणि शेजारची का वाचली, हे आम्ही त्यावरच तपासतो. प्रयोगशाळेतल्या मूठभर वाळूवर ते कळलं नसतं. घर बघायला गेलेली माणसंही जमीन ‘टीसी-2’ की जास्त धोक्याची ‘टीसी-3’ हे विचारतात.

मुंबईत रिडेव्हलपमेंटच्या प्लॉटवर माती तपासायला बोअर मारतात, सॉइल रिपोर्ट येतो आणि फायलीत जातो. शेजारची सोसायटी पुन्हा पैसे मोजून तीच माती खणते. सभेत भांडण कार्पेट एरिया, बिल्डरकडून मिळणारा कॉर्पस फंड आणि पार्किंगवर. त्याला मी हसत नाही, जन्माची पुंजी असते ती. पण खाली भराव आहे की खडक, हे एकाने तरी विचारावं!

न्यूझीलंड म्हणजे स्वर्ग नव्हे. 2011 च्या भूकंपात कोसळून 115 जणांचा जीव घेणाऱ्या सीटीव्ही इमारतीचं डिझाइन नियमांत बसत नव्हतं, तिला परवानगीच मिळायला नको होती, असं चौकशी आयोगाने म्हटलं. विम्याचे तंटे वर्षानुवर्षं चालले. शिवाय इथला नकाशा लातूरला चालणार नाही. किल्लारीत माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंतींखाली. वाळूचा तिथे संबंध नव्हता. प्रश्न आहे तो मुंबईच्या भरावाचा आणि नवी मुंबईच्या खाडीकाठच्या चिखलाचा.

इथल्यासारखी बोअरची माहिती एका जागी जमा करून खुली करा म्हटलं, की भाव पडतील म्हणून बिल्डर ओरडतील. ओरडू देत. सुरुवात मेट्रो, उड्डाणपूल आणि पालिकेच्या कामांपासून करा. ते बोअर आपल्याच पैशांनी मारलेले आहेत. नंतर खासगी प्लॉटला सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी देतानाच बोअर-लॉग, म्हणजे किती खोलीवर काय लागलं त्याची नोंद, जमा करणं सक्तीचं करा.