तिकीट अर्धं, पाणीही अर्धं

लातूरकर मे महिन्यात पुतणीच्या लग्नाला गावी निघालाय, तेही दुपारच्या एसटीने, एवढं कळलं आणि बंडूला उपदेशाचं भरतं आलं.

"दर वीस मिनिटांनी दोन घोट. मोबाइलला अलार्म लाव. दिवसाला चार लिटर म्हणजे चार लिटर!" तांब्याची बाटली कट्ट्यावर आपटत बंडू म्हणाला. झोपेतसुद्धा हा लिटर मोजत असणार.

"बंडू, २०१६ साली आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलंय. पाण्याचं आम्हाला तू शिकवू नकोस," लातूरकर म्हणाला.

"मग ती इलेक्ट्रोलाइटची खोकी तरी घे."

आता सिस्टर बोलल्या. सिव्हिलमध्ये उभा जन्म गेलाय त्यांचा. "त्याच गोड पाण्याच्या खोक्यांवरून 'ओआरएस' नाव काढायला लावलं ना २०२५च्या ऑक्टोबरात? हैदराबादची ती मुलांची डॉक्टर वर्षानुवर्षं भांडली, तेव्हा कुठे. लातूरकर, तू खरं ओआरएसचं, म्हणजे जलसंजीवनीचं, पाकीट घे. मोठं पाकीट लिटरभर पाण्याचं असतं, लोक ग्लासातच कालवतात आणि जुलाब आणखी वाढवून घेतात. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तेही पोट बिघडलं तर. नुसत्या घामाला मीठ घातलेलं ताक पुरतं."

"आणि माझे चार लिटर?" बंडू.

"तुझे तू पी. लातूरकर, बायको किती पिणार, विचारलंस?"

लातूरकर जरा घुटमळला. "ती निघायच्या दिवशी चहासुद्धा घेत नाही."

"का?"

तो गप्प. आम्ही सगळेच गप्प. उत्तर प्रत्येकाच्या घरात होतं.

"लग्नसराईत बायका यायच्या माझ्याकडे," सिस्टर म्हणाल्या. "थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ. कुठे गेला होतात विचारलं की कळायचं, सात-आठ तासांचा प्रवास आणि तोंड कोरडं पडलं तरच घोटभर पाणी. म्हाताऱ्यांचं तर आणखी वाईट. वयाने तहान कमी झालेली असतेच, वर बीपीची लघवी होणारी गोळी प्रवासाच्या दिवशी मुद्दाम बुडवायची."

"पण सिस्टर, ढाबे आहेत, पेट्रोल पंप आहेत..." बंडू.

"पंपावर संडासाची फुकट सोय ठेवायचा नियम आहे, मला माहीत आहे. तू कधी किल्ली मागितलीस तिथल्या पोरांकडे? आत कडी नसते. एकीने आत जायचं, दुसरीने बाहेरून दार ओढून धरायचं, पर्स कुणाच्या तरी गळ्यात. एकटी असेल तिने काय करायचं? आणि कंडक्टर घंटी मारून मोकळा. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट केलं, चांगलं केलं, बायका घराबाहेर पडायला लागल्या. पण तिकीट अर्धं म्हणून पाणीही अर्धंच प्यायचं का?"

मला हे शंभर टक्के पटलं. उन्हाळा आला की पाणी प्या, पाणी प्या म्हणून सगळे कानीकपाळी ओरडतात. थांब्यावरच्या संडासाला कडी बसवा म्हणून कुणी ओरडत नाही. ज्या स्थानकात बाईमाणसाला निर्धास्त जाता येत नाही, तिथे पाणपोई बांधून तिची तहान भागत नाही.

"हे मात्र अति होतंय हं," बंडू पुटपुटला. "मनात आणलं तर कुठेही थांबता येतं."

"हो का?" मास्तर इतका वेळ चहात बिस्किट बुडवत बसले होते. "गणपतीपुळ्याला जाताना वहिनी तीनदा म्हणाल्या, गाडी थांबवा. तू काय म्हणालास? घाट उतरल्यावर."

"उशीर होत होता, मास्तर!"

"आणि स्वतः दोनदा करवंदाच्या जाळीमागे पळालास, तेव्हा घड्याळ बंद पडलं होतं वाटतं?"

तेवढ्यात बंडूचा अलार्म वाजला. सवयीने त्याचा हात बाटलीकडे गेला.

"पी बाबा, पी," सिस्टर म्हणाल्या. "तुला काय, सगळा महाराष्ट्र मोकळा आहे."

लातूरकरला चहाचा असा ठसका लागला की मास्तरांना त्याची पाठ थोपटावी लागली. बंडूने विषय बदलायला त्याच ट्रिपच्या डिझेलचे पैसे काढले, आणि मग तो हिशेब कुणालाच मान्य होईना.